आलेख्यक अभिकल्प शिक्षण

अक्षरे, चित्रे, रंग व मोकळी जागा यांच्या हेतुपूर्वक मांडणीतून विशिष्ट आशय वाचकापर्यंत पोहोचविण्याच्या कलेचे पद्धतशीर अध्यापन. व्यवहारात या कलेस ग्राफिक डिझाइन म्हणतात. भित्तिपत्रक, मुखपृष्ठ, वेष्टन, बोधचिन्ह, सूचनाफलक इ. तिची क्षेत्रे होत. या शिक्षणाचा कणा व्याख्यान हा नसून विद्यार्थ्याने हाती घेतलेला प्रकल्प हा असतो. प्रकल्पाचा विकास मुख्यतः दोन क्रियांनी होतो : एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे करून पाहणे, म्हणजे प्रयोग, आणि ती उत्तरे वर्गातील सहाध्यायांनी पारखणे, म्हणजे समीक्षा. या दोहोंचा क्रम व परस्परसंबंध कसा राखला जातो, यावर शिक्षणाची फलश्रुती बव्हंशी अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : पूर्वी ही कला कार्यशाळांतील उमेदवारीतून, मुख्यत्वे नमुन्यांच्या अनुकरणाने शिकली जाई. व्हाल्टर ग्रोपिअस (१८८३–१९६९) यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील व्हायमार येथे स्थापन केलेल्या बौहाउस या संस्थेत याहून वेगळी दिशा स्वीकारण्यात आली. तेथील प्राथमिक पाठ्यक्रम योहानेस इटेन (१८८८–१९६७) यांनी आखला व १९२३ पासून तो लास्लो मोहॉय-नॉज (१८९५–१९४६) आणि योझेफ आल्बेर्स (१८८८–१९७६) यांनी पुढे चालविला. आल्बेर्स विद्यार्थ्यांस कागदासारखे साधे द्रव्य देत, ते वाया न घालविता त्याचे गुण शोधण्यास सांगत आणि तयार झालेल्या कृती एकत्र मांडून त्यांवर वर्गात चर्चा घडवीत. १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली संस्था बंद पडल्यावर ते अमेरिकेत गेले. तेथील त्यांच्या रंगशिक्षणातही हीच पद्धत होती. रंगवून काढण्याऐवजी रंगीत कागदांचे तुकडे शेजारी ठेवून एकच रंग निरनिराळ्या पार्श्वभूमींवर कसा निराळा भासतो, हे विद्यार्थी पडताळून पाहत. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे एमिल रूडर (१९१४–७०) व आर्मिन होफमान (१९२०–२०२०) यांनी बिंदू, रेषा, काळा-पांढरा विरोध अशा मर्यादित साधनांतून अनेक पर्याय घडविण्याची शिस्त रूढ केली.

प्रयोगाची पद्धती : प्रयोग म्हणजे स्वैर खटाटोप नव्हे. प्रथम प्रश्न निश्चित केला जातो : वाचक कोण, तो किती अंतरावरून व किती वेळ पाहणार, त्याला कोणती गोष्ट कळलीच पाहिजे. त्यानंतर लहान आकाराची बरीच कच्ची रेखाटने केली जातात. निवडक रेखाटने मोठी करताना अक्षराची जाडी, रंग वा मांडणी यांपैकी एका वेळी एकच घटक बदलला, तर परिणामाचे कारण ओळखता येते. आरंभीच तयार नमुना दाखविणे मात्र धोक्याचे ठरू शकते. जॅन्सन व स्मिथ यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, नमुना पाहिलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यातील दोषही आपल्या आराखड्यांत उतरविल्याचे आढळले. या प्रवृत्तीस अभिकल्पबद्धता म्हणता येईल.

सहाध्यायी समीक्षा : आपली कृती कर्त्याला वाचकाच्या दृष्टीने पाहता येत नाही, कारण तिचा आशय त्याला आधीच ठाऊक असतो. देवनागरी लिपीत याची प्रचीती सहज येते. ‘ध’ व ‘घ’ तसेच ‘भ’ व ‘म’ या जोड्यांतील भेद बराचसा शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ‘धबधबा : धोका’ असा इशाऱ्याचा फलक ठसठशीत अक्षरांत केला. अक्षर जाड होताना तो खंड बुजतो व दुरून पाहणाऱ्यास ‘घबघबा’ असे दिसू लागते. कर्त्याला मात्र ‘धबधबा’च दिसत राहतो. वीस पावलांवर उभा राहिलेला सहाध्यायी शब्द अडखळत वाचतो, तेव्हा दोष उघड होतो. ‘फलक आवडला नाही’ या अभिप्रायाने कर्त्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘पहिले अक्षर घ वाटले’ या अभिप्रायाने दुरुस्तीची नेमकी जागा कळते. समीक्षा रुचीविषयी न राहता वाचनाविषयी व्हावी, हे तिचे पहिले तत्त्व होय.

दुसरे तत्त्व क्रमाचे आहे. स्टीव्हन डाउ व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३३ नवोदितांनी एका नियतकालिकासाठी संगणकीय जाहिराती तयार केल्या. एका गटाला प्रत्येक आराखड्यानंतर लगेच अभिप्राय मिळाला. दुसऱ्या गटाने अनेक आराखडे एकाच वेळी करून मग अभिप्राय घेतला. आराखड्यांची संख्या सारखीच असूनही दुसऱ्या गटाच्या जाहिराती अधिक परिणामकारक व अधिक विविध ठरल्या आणि त्या गटाचा आत्मविश्वासही वाढला. एकच कृती पुढे ठेवली, की तिच्यावरील टीका कर्त्याला स्वतःवरील टीका वाटते. तीन कृती शेजारी ठेवल्या, की चर्चा तुलनेची होते व कर्ताही तिच्यात परीक्षक म्हणून सहभागी होऊ शकतो.

चर्चेची शिस्त राखण्यासाठी अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास मांडलेली चार टप्प्यांची पद्धत अन्य कलांतही उपयोगात आली आहे. प्रथम पाहणाऱ्यांनी कृतीत काय अर्थपूर्ण वाटले ते सांगावयाचे, मग कर्त्याने प्रश्न विचारावयाचे, पुढे पाहणाऱ्यांनी मतप्रदर्शन टाळून प्रश्न विचारावयाचे आणि अखेरीस कर्त्याच्या संमतीनेच मत द्यावयाचे, असा तिचा क्रम आहे.

भारतातील शिक्षण : मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला व १९६१ मध्ये त्यातून स्वतंत्र उपयोजित कला संस्था निर्माण झाली. चार्ल्स व रे ईम्झ या दांपत्याने १९५८ मध्ये सादर केलेल्या अहवालास अनुसरून अहमदाबाद येथे १९६१ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प संस्था स्थापन करण्यात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच्या उभारणीत जर्मनीतील उल्म येथे शिकलेले सुधाकर नाडकर्णी प्रमुख होते. सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीही तेथे अध्यापन केले.

मर्यादा : सहाध्यायी हे सामान्य वाचकाचे पूर्ण प्रतिनिधी नसतात. त्यांची दृष्टी प्रशिक्षित असते आणि एकदा शब्द कळला, की तो पुसट अक्षरांतही दिसू लागतो. म्हणून त्याच व्यक्तींचा दुसरा अभिप्राय पहिल्याइतका विश्वसनीय नसतो. बहुमताकडे झुकण्याच्या वृत्तीमुळे धाडसी पर्याय अकाली गळण्याचाही संभव असतो. यास्तव अभिप्राय ऐकल्यानंतरचा निर्णय कर्त्याचाच राहावा लागतो आणि अंतिम कसोटी वर्गाबाहेर, पूर्वी तो फलक न पाहिलेल्या वाचकांपुढे घ्यावी लागते.