बुडीत मजुरी आणि घरची शुश्रूषा : नाजूक प्रकृतीच्या बालकांच्या संगोपनाचे मोल

महाराष्ट्राच्या शासकीय परिभाषेत ‘बुडीत मजुरी’ हा एक अर्थपूर्ण शब्द रूढ झालेला आहे. १९९५ मध्ये आदिवासी क्षेत्रांसाठी सुरू झालेल्या नवसंजीवन योजनेत कुपोषित अथवा आजारी बालकास दवाखान्यात दाखल केले असता, त्याच्याजवळ राहणाऱ्या आईबापांची जी मजुरी बुडते तिची काही अंशी भरपाई करण्याची तरतूद या नावाने करण्यात आली. पुढे २०११ च्या सुमारास देशभरच्या पोषण पुनर्वसन केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतही आईला अशी भरपाई देण्याचे तत्त्व मान्य झाले. रक्कम अल्प असली तरी तत्त्व मोठे आहे. मजुराच्या घरी मूल आजारी पडले म्हणजे त्याच्या उशाशी बसणे हेदेखील कोणाच्या तरी एका दिवसाच्या भाकरीच्या मोलाने विकत घ्यावे लागते, ही गोष्ट येथे शासनाने कागदावर मान्य केली.

परंतु या शब्दाची मर्यादाही त्याच्या व्याख्येतच आहे. भरपाई मिळते ती मूल खाटेवर असेतोपर्यंत. मूल घरी आले की मजुरी ‘बुडीत’ राहत नाही, म्हणजे कागदोपत्री राहत नाही. वस्तुतः कमी वजनाच्या, वारंवार श्वास लागणाऱ्या, अथवा अंगावर पिण्याची शक्ती नसलेल्या बालकाच्या बाबतीत खरे काम सुरू होते ते घरी आल्यानंतरच.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव हे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गाव रेणुकादेवीच्या स्थानामुळे पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, पाण्याचा भरवसा कमी, आणि त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबे या भागात बरीच. नवसंजीवन योजना आदिवासी क्षेत्रापुरती असल्याने तिची बुडीत मजुरी या पट्ट्यातील आईला लागू होत नाही. बाळ दीड किलोचे जन्मले तर त्याला गंगाखेडला, आणि तेथून बहुधा परभणीला, ‘काचेच्या पेटीत’ ठेवण्यासाठी न्यावे लागते. पेटीतले दिवस संपले की बाळ आईच्या स्वाधीन होते. त्यानंतरचे दोन महिने तिने नेमके काय करावयाचे असते, हे पाहिल्यावाचून तिच्या श्रमांचे मोल करता येणार नाही.

सर्वांत पहिले काम ऊब देण्याचे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, पेट्या अपुऱ्या पडत म्हणून, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला आज कांगारू संगोपन म्हणतात. अडचणीतून निघालेला हा उपाय पुढे कसोटीला उतरला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेतील चार देशांची रुग्णालये यांत एक ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या बाळांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या गटात पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के आढळले. दुसऱ्या गटात ते १५.७ टक्के होते. या यशामागचा आकडा मात्र क्वचितच उच्चारला जातो. पहिल्या गटातील बाळे दिवसाचे सुमारे सतरा तास कोणाच्या तरी छातीशी होती. हरियाणात हीच पद्धत घरोघरी चालवून पाहण्यात आली, तेव्हा तेथेही नवजात मृत्यूंत लक्षणीय घट झाली. तो अभ्यास २०१९ चा.

सतरा तास! या अवधीत पाणी कोणी भरावे, चूल कोणी पेटवावी, थोरल्या मुलाला कोणी न्हाऊ घालावे, हा प्रश्न वैद्यकशास्त्राच्या कक्षेत येत नाही. घराच्या कक्षेत तो पहिल्याच दिवशी येतो. बाळ सासूने किंवा बापानेही छातीशी धरले तरी चालते. दिल्ली व आफ्रिकेतील त्या अभ्यासातही आईच्या जोडीला घरचे दुसरे माणूस घेतलेले होते. म्हणजे येथे एका आईचे नव्हे, तर दोन माणसांचे काम आहे.

दुसरे काम पाजण्याचे. ओढून पिण्याची शक्ती नसलेल्या बाळाला दूध काढून वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने, दर दोन तासांनी, रात्रीही, थेंब थेंब द्यावे लागते. घाई केल्यास दूध श्वासनलिकेत जाते. तिसरे काम ओळखण्याचे, आणि ते सर्वांत कठीण. बाळ गार पडले, पिणे सोडले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा मिनिटाला साठ अथवा अधिक श्वास होऊ लागले, तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा लागतो. ‘डबा’ झाला म्हणून पोटावर डाग देण्याची चाल ज्या प्रदेशात होती, तेथे हे ज्ञान केवळ सांगून रुजत नाही. ते हातात बसवावे लागते.

असे ज्ञान अल्पशिक्षित वा निरक्षर स्त्रीला देता येते काय, या शंकेचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने, बारापलीकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी मण्यांचे एक साधन तयार केले. वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ उलटावयाचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया समजावा. अंकगणित नाही, तरी निदान करता येते. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची शुश्रूषा केली आणि आयांना व आज्यांना ती शिकविली. तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. १९९३-९५ च्या तुलनेत १९९७-९८ पर्यंत नवजात मृत्युदरात ६२ टक्क्यांची निव्वळ घट झाली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने नवजात बालकाच्या घरी ठरावीक दिवशी भेट देण्याची जी पद्धत सुरू झाली तिचे मूळ येथेच आहे. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा व बेचाळिसावा हे तिच्या भेटींचे दिवस. घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवसाची एक अधिक. या सर्व भेटींबद्दल तिला २५० रुपये देण्याचे ठरले.

सहा-सात भेटींना मोबदला, आणि त्या भेटींच्या दरम्यानच्या अहोरात्र कामाला काही नाही, ही विसंगती येथे नजरेत भरते. आशेला अधिक मिळते असे कोणी म्हणणार नाही. तिलाही पुरेसे मिळत नाही. परंतु तिचे काम निदान काम म्हणून नोंदले जाते. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्याच्या अनुसूचीत तर याहून बोलकी तरतूद होती. कामावर सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले आलेली असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीची नेमणूक करावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी, असे तीत म्हटले होते. मूल सांभाळणे ही मजुरी आहे हे कायद्याने मानले. मात्र मूल दुसऱ्याचे असेल तर!

यावर असा आक्षेप घेतला जातो की, मातेच्या ममतेला दाम लावणे हे तिचा अवमान करण्यासारखे आहे. आक्षेप भावनेच्या दृष्टीने आदरणीय असला तरी तो सर्वांना सारखा लावला जात नाही. केंद्र शासनाच्या नोकरीतील स्त्रीला २००८ पासून अपत्यांच्या संगोपनासाठी सेवाकाळात एकंदर ७३० दिवसांची पगारी रजा मिळू लागली. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या सेवेतील स्त्रियांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. कचेरीतील मातेची ममता या पगाराने कमी झाली, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग उसाच्या फडातील मातेच्या ममतेचीच एवढी काळजी का वाहावी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पैसे मिळू लागले की घरातील एकीलाच, बहुधा सुनेला, त्या कामाशी कायमचे जखडून टाकले जाईल. आणि मुलाची प्रकृती सुधारू नये यातच घराचा स्वार्थ निर्माण होईल. या भीतीत तथ्य आहे. म्हणून मोबदला प्रशिक्षणाशी व मुदतीशी बांधलेला असावा, घरातील दोघांना शिकवावे, आणि तो बाळाच्या दुर्बलतेबद्दल नव्हे तर केलेल्या कामाबद्दल द्यावा, असे सुचविता येईल. वजन घटले म्हणून रक्कम तोडणे हेही तितकेच अन्यायाचे ठरेल. बाळाचे वजन सर्वस्वी आईच्या हाती नसते.

दवाखान्यात पैसा आणि घरी काही नाही, हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेतील आयोवा राज्यात केटी बेकेट ही मुलगी तान्हेपणी मेंदूच्या दाहाने आजारी पडली व श्वासयंत्रावर अवलंबून राहिली. ती रुग्णालयात राहील तोवर शासन खर्च देई. घरी नेल्यास ते साहाय्य बंद होई. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हे प्रकरण जाहीरपणे मांडल्यावर नियमाला अपवाद करण्यात आला आणि अशा मुलांच्या घरच्या शुश्रूषेचा मार्ग मोकळा झाला. शासन तेव्हा पैसे देऊ लागले ते घरी येणाऱ्या परिचारिकेचे, आईचे नव्हे. पुढे परिचारिका मिळेनाशा झाल्या आणि काही राज्यांनी आईबापांनाच शिकवून, परवाना देऊन वेतन देण्याची वाट धरली. ॲरिझोनाने २०२१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. भारतात केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेत दरमहा ६०० रुपये ठरविले. तसेच २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शुश्रूषा करणाऱ्याच्या व्याख्येत आईवडील व कुटुंबीय यांचा, मोबदला घेणारे असोत वा न घेणारे, स्पष्ट समावेश केला आणि अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी शुश्रूषा-भत्त्याची तरतूद शासनाच्या आर्थिक कुवतीनुसार करावी असे सांगितले. कमी वजनाचे बाळ दिव्यांग नव्हे, म्हणून ते या कायद्यात बसत नाही. योग्य शुश्रूषेअभावी त्याच्या मेंदूला इजा झाली तर मात्र बसू शकते.

खर्चाचा अंदाज बांधणे अवघड नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीचा २०२५-२६ साठीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने साठ दिवसांची मजुरी १८,७२० रुपये होते.

राणीसावरगावसारख्या गावी मात्र रकमेपेक्षा कालमानाचा प्रश्न बिकट आहे. चैत्र-वैशाखात जन्मलेले दुर्बल बाळ घरच्या छपराखाली, आशेच्या नजरेखाली वाढते. मार्गशीर्षात जन्मलेले बाळ बहुधा कारखान्याच्या परिसरातील कोपीत असते. तेथे नवराबायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, आणि बाळासाठी आई एक दिवस फडावर गेली नाही तर तिची मजुरी केवळ बुडत नाही, तिच्यावर ‘खाडा’ म्हणून रक्कमही चढते. गावची आशा गावातच राहते. कोपीच्या गावची आशा या बाळाला आपल्या यादीत धरीलच असे नाही. तेव्हा शुश्रूषेचे प्रशिक्षण निघण्यापूर्वी, सातव्या-आठव्या महिन्यातच, गरोदर स्त्री व तिच्याबरोबर जाणारे दुसरे माणूस या दोघांना द्यावे लागेल. आणि मोबदल्याचा हक्क गावाच्या यादीवर न ठेवता आईजवळच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदवावा लागेल, म्हणजे ती ज्या फडावर असेल तेथील आरोग्य केंद्राला तो देता येईल.