सोपाऱ्याचा शिलालेख आणि सोलापूरचा डॉक्टर

नाणेघाटातून उतरणारा प्राचीन व्यापारी मार्ग आपल्या मुरबाड तालुक्यातून कल्याणकडे व पुढे सोपाऱ्याच्या बंदराकडे जात असे. त्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या गिरिलेखाचा तुकडा सापडला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा आरंभिल्या, असे हा लेख सांगतो. परदेशी गलबते लागणाऱ्या बंदरात हा मजकूर कोरला गेला, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

अशोकाचे परराष्ट्रधोरण मात्र दुसऱ्या व तेराव्या गिरिलेखांत अधिक स्पष्ट दिसते. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख माणसांना बंदी करून नेण्यात आले, हे त्याने स्वतःच नोंदविले आणि धम्माने मिळविलेला विजय श्रेष्ठ ठरविला. मग ग्रीक राजा अंतियोकाच्या मुलखात त्याने काय पाठविले? माणसांसाठी व जनावरांसाठी उपचार. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या नेऊन लावविल्या. हे धोरण केवळ शब्दांचे नव्हते, झाडपाल्याचे होते. त्याने सैन्य मोडले नाही, हेही खरे. तेराव्या लेखातच तो राज्यातील अरण्यवासींना आपल्या सामर्थ्याची जाणीव करून देतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील मुलांना हा लेख शिकविताना तेवढा भाग गाळून चालणार नाही.

अशीच एक औषधांची पाठवणी १९३८ मध्ये झाली. जपानने चीनवर आक्रमण केले होते. पारतंत्र्यातील भारताला स्वतःचे परराष्ट्रधोरण नव्हते. तरी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस चिनी भाषा शिकले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच निधन पावले.

पुढे स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये चीनशी पंचशील करार केला. नाव बौद्ध परंपरेतले. पण बाबासाहेब त्याने भारावले नाहीत. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी बजावले की, माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर त्यांनी स्वदेशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती. आठ वर्षांत युद्ध झाले. करारातील शब्द विरले.

कोटणिसांचे नाव मात्र चीनमध्ये टिकले. शीच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग दिल्लीस आले, तेव्हा त्यांनी कोटणिसांच्या वयोवृद्ध भगिनी मनोरमाताईंची आवर्जून भेट घेतली. त्याच दिवसांत लडाखमधील चुमार येथे दोन्ही देशांचे सैनिक समोरासमोर उभे होते.