बंदुकीच्या मॅगझिनमधील दोष व त्यांचा शोध

स्वयंचलित बंदूक ऐन वेळी अडली, तर दोष सामान्यतः बंदुकीच्या माथी मारला जातो. पुष्कळदा मात्र नळी व बोल्ट निर्दोष असून दोष असतो तो काडतुसे पुरविणाऱ्या पत्र्याच्या पेटीत. या पेटीस मॅगझिन म्हणतात. जेम्स पॅरिस ली या संशोधकाने १८७९ मध्ये अशा सुट्या पेटीचे पेटंट घेतले, आणि पुढे सैनिकाचे प्राण कित्येकदा याच वस्तूवर अवलंबून राहिले.

मॅगझिनचे मुख्य भाग चार. बाहेरील पत्र्याचे कवच, आतील स्प्रिंग, काडतुसांना खालून आधार देणारी पट्टी, आणि तोंडाशी आत वळविलेल्या दोन कडा. या कडांना ‘ओठ’ म्हणतात. स्प्रिंग काडतुसे वर लोटते, ओठ त्यांना योग्य कोनात अडवून धरतात, आणि पुढे जाणारा बोल्ट सर्वांत वरचे काडतूस नळीत ढकलतो. ब्रेन ही हलकी मशीनगन मिनिटास सुमारे ५०० गोळ्या झाडते. म्हणजे एका काडतुसाच्या मागून दुसरे जागेवर येण्यास सेकंदाच्या आठव्या भागाइतकाही अवधी मिळत नाही. एवढ्या अल्प काळात पट्टी किंचित अडखळली तरी गोळीबार थांबतो.

याचा कटु अनुभव पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यास आला. १९१५ च्या शोशा बंदुकीचे मॅगझिन अर्धवर्तुळाकार होते. त्यात किती काडतुसे उरली हे दिसावे म्हणून त्याची एक बाजू उघडी ठेवली होती. खंदकातील चिखल त्याच वाटेने आत शिरे आणि काडतुसे जागच्या जागी अडकत. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्टेन बंदुकीची अडचण निराळी होती. तिच्या मॅगझिनमध्ये काडतुसांच्या दोन रांगा तोंडाजवळ येऊन एक होत. तेथे घर्षण वाढे, आणि थोडी धूळही कामात विघ्न आणी. म्हणून सैनिक ३२ काडतुसांच्या पेटीत बहुधा काही कमीच भरीत. ही पेटी बंदुकीच्या डाव्या बाजूस आडवी बसविलेली असे. ती मूठ समजून धरली, तर हाताच्या ओढीने तिची बैठक सैल होई. भारतीय सैनिकांनीही वापरलेल्या ब्रेनच्या पेटीत ३० ऐवजी २८ काडतुसे भरण्याचा प्रघात होता. त्या काडतुसांच्या बुडाला बाहेर आलेली कड असे. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे ठेवली नाही, तर दोन्ही एकमेकांत गुंतत.

मॅगझिन जुने झाले की प्रथम स्प्रिंगवर संशय येतो. दाबून ठेवल्यामुळे स्प्रिंग थकते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अंशतःच खरी आहे. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्प्रिंगचा जोर तिच्या दाबाच्या किंवा ताणाच्या प्रमाणात असतो. हा नियम स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपर्यंतच लागू पडतो. त्या मर्यादेच्या आत राहणारी चांगल्या पोलादाची स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी दुबळी होत नाही. मर्यादा ओलांडली, तर मात्र ती कायमची आखूड होते. वारंवार दाबणे व सोडणे यामुळे धातूस शिणवटा येतो. ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हा शिणवटा अभ्यासिला होता. गंजाने पडलेले बारीक खड्डे तर भेगेचे मूळच ठरतात.

दोषाचे ठिकाण त्याच्या खुणांवरून ओळखता येते. पेटी रिकामी होत येते तसतशी स्प्रिंग सैल होऊन तिचा जोर घटतो. म्हणून शेवटची काडतुसे वेळेवर वर येत नसतील, तर बहुधा स्प्रिंग दुबळी असते. पूर्ण भरलेल्या पेटीतील पहिलीच काडतुसे अडत असतील, तर घाण किंवा अतिरिक्त भरणा हे कारण संभवते. दर खेपेस ठरावीक संख्येपाशीच अडथळा येत असेल, तर कवचास तेथे पोचा पडला आहे काय ते पाहावे लागते. काडतुसाचे टोक नळीच्या तोंडाखाली वा वर आदळत असेल, अथवा दोन काडतुसे एकदम बाहेर येत असतील, तर ओठ वाकल्याचा संशय बळावतो.

परंतु खुणा पाहण्यापूर्वी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो. दोष बंदुकीत आहे की पेटीत? यासाठी प्रशिक्षित शस्त्र-कारागीर प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालतात. संशयित पेटी ते दुसऱ्या चांगल्या बंदुकीस लावून पाहतात, व चांगली पेटी पहिल्या बंदुकीस. दोष पेटीबरोबर गेला, तर पेटी दोषी. बंदुकीतच राहिला, तर बंदूक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियमच येथे पाळला जातो. हातचाचणीसाठी बंदूक रिकामी करून दारू नसलेली नकली काडतुसे वापरतात.

पुढील उपचार साधा असतो. घाण साफ करावी, दुबळी स्प्रिंग बदलावी. एकदा वाकलेले ओठ पुन्हा सरळ केले, तरी पत्रा तेथे कमजोर झालेला असतो. म्हणून अशी पेटी सेवेतून काढून टाकणेच श्रेयस्कर. क्रमांक न घालता ती पुन्हा ढिगात पडली, तर दुसऱ्या दिवशी तीच दुसऱ्या एखाद्या सैनिकाच्या हाती येते.