नरपडचा मुक्काम : खोली वाडीतली घ्या

डहाणू रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडलं की बोर्डीकडे जाणाऱ्या रिक्षा मिळतात. पारनाका गेला, आगर गेलं, की चार-पाच किलोमीटरवर नरपड. एकीकडे सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र, दुसरीकडे चिकूच्या वाड्या, आणि अधूनमधून एखाद्या फाटकावर ‘रूम उपलब्ध’ची पाटी. जुहू किंवा वांद्र्याला खोलीचं भाडं खिडकीतून किती पाणी दिसतं यावर ठरतं. शनिवार-रविवारसाठी मुंबईहून येणारी मंडळी इथेही पहिला प्रश्न तोच विचारतात, ‘सी-फेसिंग आहे का?’ नरपडपुरतं तरी हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि सरळ वाडीतली खोली मागावी. समुद्र पाच-दहा मिनिटांच्या चालीवर आहेच, तो कुठे जात नाही.

या पट्ट्यात राहण्याच्या सोयी साधारण तीन तऱ्हांच्या. पारनाक्याच्या बाजूला चौपाटीलगत हॉटेलं आहेत. तिथे एसी आहे, लिफ्ट आहे, रात्री उशिरापर्यंत जेवण मिळतं, आणि सुट्टीच्या दिवशी चौपाटीवरचा गलकाही खोलीत ऐकू येतो. दुसरी तऱ्हा अख्ख्या बंगल्याची. मुंबईकरांनी बांधलेली ही सुट्टीची घरं पोहण्याच्या तलावासकट भाड्याने देतात. दहा-बारा जणांच्या गोतावळ्याला ती परवडतात, मात्र त्यांच्या कुंपणाआड राहून नरपड दिसत नाही. तिसरी तऱ्हा वाडीतल्या घराची, आणि या लेखाचा जीव तिच्यात आहे.

वाडीतलं घर बहुधा रस्त्यापासून आत असतं. चिकूची जुनी लागवड तीस-पस्तीस फुटांवर केलेली असते. झाडं मोठी झाली की त्यांचे घेर एकमेकांना भिडतात. कालीपत्ती ही इथली मुख्य जात, पान गर्द हिरवं. चिकूची पानगळ होत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये डांबरी रस्ता तापलेला असतानाही वाडीत अंगाची काहिली होत नाही. दुपारी खाटेवर पडून राहण्यासारखं दुसरं सुख इथे नाही. रात्री वटवाघळं फळांवर येतात. त्यांची फडफड आणि पिकलं फळ पडल्याचा आवाज पहिल्या रात्री दचकवतो, दुसऱ्या रात्री त्याची सवय झालेली असते.

सकाळी लवकर उठावं. आदिवासी मजूर त्या वेळी झाडांवर चढलेले असतात. चिकू झोडपून पाडत नाहीत. हात पोचेल तिथे हाताने आणि उंच फांदीवरचा लांब काठीला बांधलेल्या जाळीने उतरवतात. चिकू पिकला की नाही हे रंगावरून कळत नाही. जाणता माणूस नखाने साल किंचित खरवडतो. आत हिरवं दिसलं, तर फळ अजून कोवळं. देठातून पांढरा चीक गळतो आणि हाताला चिकटतो. मग पडवीत बायका फळं धुऊन, पसरून, आकाराप्रमाणे वेगळी करतात. त्यांचे हात इतके झरझर चालतात की निवड केव्हा झाली ते बघणाऱ्याला उमगत नाही. इथला चिकू देशात दूरवर, दिल्लीपर्यंत जातो. २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

मानांकन मिळालं म्हणून बागायतदाराची काळजी संपली असं मात्र नाही. पावसाळ्यात फळगळ होते, बी पोखरणारी अळी आहे, मजूर मिळत नाहीत, आणि माल एकदम आला की भाव कोसळतो. अशा वर्षी वाडी विकून टाकावी, तिचे प्लॉट पडू द्यावेत, असं मनात येणं स्वाभाविक आहे. पण पाहुणे ठेवण्याची दुसरी वाटही आहे. राज्याने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन महामंडळाने सुरू केलेली न्याहारी व निवास योजना त्याच्या आधीपासून आहे. वाडीत दोन-चार खोल्या काढून त्या भाड्याने देणाऱ्या घराला झाडं राखायला एक कारण मिळतं, कारण पाहुणा सावलीसाठी येतो आणि सावली चिकूची असते. म्हणून वाडीतल्या खोलीला मोजलेले पैसे मला कधी जास्त वाटत नाहीत.

नरपडमध्ये उंच इमारतींची रांग का उभी राहिली नाही, याचं उत्तर १९९१ सालात आहे. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला किनारपट्टीची सीआरझेड अधिसूचना निघाली. गावठाणाबाहेरच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला तिने मनाई केली. पाठोपाठ २० जूनला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने सगळा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा पडली. कागदावरचे हे निर्बंध जमिनीवर उतरावेत म्हणून स्थानिक नागरिक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. त्याच्या स्थापनेआधीच उभ्या राहिलेल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रावरही या प्राधिकरणाची नजर होती. नरपडच्या खोलीत आज जी शांतता मिळते, तिच्यामागे कोर्टकचेऱ्यांत घालवलेली ही वर्षं आहेत.

रस्ता पुढे चिखले, घोलवड, बोर्डीला जातो. नरपडला जागा मिळाली नाही तर तिकडे चौकशी करावी. इराणमधून आलेल्या झरथोस्ती कुटुंबांनी या भागात वाड्या लावल्या, आणि बोर्डीत त्यांच्या वंशजांनी चालवलेली राहण्याची ठिकाणं आहेत. तिथे जेवण आधी सांगावं लागतं. धनसाक आयत्या वेळी होत नाही, आणि आयत्या वेळी वाढलाच तर तो खाऊ नये. नरपड-घोलवडच्या मराठी घरांत पापलेट-बोंबील तर आहेतच, पण थंडीत गेलात तर उकडहंडीची विचारणा नक्की करा. मडक्यात कंद, शेंगा आणि ओवा-मसाला भरून ते आगीत भाजतात. घरातल्या मावशींना आदल्या दिवशी सांगितलं तरच बेत जमतो.

समुद्राबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. हा किनारा फार सपाट आहे. ओहोटीला पाणी दूरवर जातं, वाळू काळसर आणि ओली, आणि माणूस चालत चालत पुष्कळ आत जातो. भरती परतते तेव्हा मागे फिरायचं अंतर मोठं झालेलं असतं. म्हणून यजमानांकडून भरतीची वेळ विचारून मगच निघावं, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. पावसाळ्यात जखमी समुद्री कासवंही या किनाऱ्यांना लागतात. त्यांच्यासाठी डहाणूत वनखात्याचं उपचार केंद्र आहे. कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नये, वनखात्याला कळवावं.

दोन दिवस हाताशी असतील, तर एक सकाळ कोसबाडच्या टेकडीसाठी ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या त्या इथे. त्यांचं काम १९४५ साली बोर्डीत सुरू झालं आणि पुढे कोसबाडला आलं. वारली चित्रं घ्यायची असतील, तर हॉटेलच्या दुकानातून न घेता कलाकाराच्या हातून घ्या. ती जगभर पोचवणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातल्या गंजाडचे होते.

आता वाढवणच्या बंदराची गोष्ट. किनारा तोच, फक्त डहाणूच्या दक्षिणेला. प्राधिकरणाने १९९८ मध्ये या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. प्रकल्प ७६ हजार कोटी रुपयांचा आहे. मच्छीमारांचा विरोध जुना आहे आणि तो पोटातून आलेला आहे. मुक्कामापुरतं बोलायचं तर बंदराबरोबर अधिकारी येतील, ठेकेदार येतील, त्यांना बारमाही खोल्या लागतील. महिन्याच्या भाड्याचा असं भरवशाचं गिऱ्हाईक समोर असताना, झाडं तोडून चार मजले चढवू नका, हे वाडीमालकाला कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगायचंच असेल, तर त्याच्या वाडीत जाऊन राहण्याने आणि योग्य भाडं देण्यानेच सांगता येईल.

एप्रिल २०१३ पासून विरारहून डहाणू रोडपर्यंत लोकल धावते, त्यामुळे गाडीची गरज नाही. मोटारीने येणाऱ्यांनी अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्याला वळावं, तिथून डहाणू पंचवीसेक किलोमीटर. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि बोर्डीच्या चिकू महोत्सवाचे दिवस टाळावेत किंवा महिनाभर आधी फोन करावा. मंगळवार-बुधवारी गेलात तर भाड्यात घासाघीस करायचीही वेळ येत नाही. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या : घर वाडीच्या आत आहे की रस्त्याला लागून, जेवण घरात होतं की बाहेरून येतं, आणि त्या आठवड्यात बागेत फवारणी आहे का. फवारणी असेल तर तारीख बदला.