पंप क्रमांक तीनची साखळी

पहाटे ५.४०

फोनवरचा पहिला निरोप ऑपरेटरकाकांचा असतो. वेट वेलची, म्हणजे सांडपाणी साठणाऱ्या विहिरीची पातळी, चालू पंप किती, बंद किती. तीन ओळींत रात्र आटोपते. आज चौथी ओळ आहे : ‘मॅडम, तीन नंबर ट्रिप. दोनदा लावून बघितला, घेत नाही.’

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. पावसाआधी सहाही पंप तयार हवेत.

मुंबईची बरीचशी जमीन सपाट आणि समुद्राच्या पातळीला लागून आहे. घराघरांतलं सांडपाणी उताराने वाहिन्यांत येतं, वाहिनी पुढे जाईल तशी खोल जाते, आणि कुठेतरी ते पाणी वर उचलावंच लागतं. ती उचलायची जागा म्हणजे उदंचन केंद्र. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर असे शहराच्या मलनिःसारणाचे सात विभाग आहेत आणि जमिनीखाली दोन हजार किलोमीटरहून जास्त वाहिन्या. यांतल्या काही केंद्रांच्या यांत्रिक देखभालीच्या कंत्राटांची देखरेख माझ्याकडे आहे. पाना मी क्वचितच हातात धरते. ज्या कागदाच्या जोरावर दुसरा कोणी पाना हातात धरतो, तो कागद माझ्याकडे असतो.

सकाळी ८.०५

केंद्रावर पोचते तेव्हा सकाळचा लोंढा भरात असतो. सात ते दहा अख्खं शहर अंघोळ करतं, कपडे धुतं, आणि ते सगळं तासाभरात आमच्या दारात येतं. चार पंप पूर्ण जोरात चालू आहेत. म्हणजे हाताशी राखीव एकच.

इलेक्ट्रिशियन तीन नंबरच्या केबलला मेगर, म्हणजे विद्युतरोध मोजणारं यंत्र लावतो. काटा जवळजवळ शून्यावर. मोटरमध्ये पाणी गेलंय, पंप वर काढल्याशिवाय काही कळणार नाही. आमचे पंप पाण्यात बुडालेले असतात, दोन गाइड पाइपांवरून सरकत खाली जातात आणि स्वतःच्या वजनाने बैठकीवर बसतात. त्यांच्या दांडीला साखळी बांधलेली असते. चेन पुलीने साखळी ओढली की पंप वर येतो. कोणी खाली उतरायची गरजच नाही, अशीच ती रचना आहे.

फिटरने ओढायला सुरुवात केली. पंप बैठकीवरून हातभर उचलला गेला आणि साखळी तुटली. खालून धप्प आवाज आला. मग फक्त पाण्याचा.

तुटकं टोक वर आलं. कड्या झिजून करंगळीच्या निम्म्या झालेल्या. बोटाने दाबल्यावर पापुद्रे निघाले.

सकाळी ९.१५

कंत्राटदाराचे पर्यवेक्षक आले. वयाने मोठे, कामात मुरलेले, मला नेहमी मानाने वागवणारे. वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. पोरगं उतरेल, हूक अडकवेल, वर येईल. मास्क देतो ना.”

पोरगं शेजारीच उभं होतं. विशी-बाविशीचं, पायात नवे गमबूट. ते माझ्याकडे बघत नव्हतं, विहिरीच्या चौकोनी तोंडाकडे बघत होतं.

मी नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं, कारण सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. मग पोराला नाव विचारलं, जेवण झालं का विचारलं, आणि त्याला वर पॅनलरूममध्ये काकांच्या मदतीला पाठवलं.

या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस सावध होतो. पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच तो जास्त असतो. हजार भागांच्या आसपास एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. वरून सोडलेला मीटर ‘ठीक’ दाखवतो आणि खाली पाय पडून गाळ ढवळला गेला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. पहिला पडला की त्याला काढायला दुसरा धावत उतरतो. बातम्यांत मेलेल्यांचा आकडा अनेकदा दोन किंवा तीन असतो, त्याचं कारण हे आहे.

असं धोकादायक उतरणं २०१३च्या कायद्याने बंद केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख द्यायला सांगितले, २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात तो आकडा तीस लाख केला. जानेवारी २०२५मध्ये मुंबईसह सहा महानगरांत ही प्रथा थांबवायचा आदेश पुन्हा दिला. हे निकाल मी पर्यवेक्षकांना ऐकवले नाहीत, त्यांनाही ते ठाऊक आहेत. ‘उतरेल’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघतो, कारण त्यांच्या कंत्राटात पंप काढण्याचा दर ‘प्रति पंप’ आहे. दोन मिनिटांत काढा नाहीतर दोन दिवसांत, पैसे तेवढेच. जास्तीच्या वेळेचा खर्च त्यांच्या खिशातून जातो. तो दर मी नाही ठरवला, पण तो मी दोन वर्षं वापरलाय.

“मग कसं काढायचं?” त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता. मी म्हटलं, दुपारी दोनपर्यंत वेळ द्या.

सकाळी १०.३०

जेटिंग आणि सक्शन गाड्यांच्या कंत्राटाचं एप्रिलचं बिल. हजेरीपत्रकात बारा कामगार, केंद्राच्या फाटकावरच्या नोंदवहीत नऊ. तिघांचे पैसे कापले. भविष्य निर्वाह निधीच्या चलनावर किती नावं आहेत ते मोजते. नऊच. पगार बँकेत गेल्याचा पुरावा जोडलेला नाही, म्हणून बिल परत. या कामाचा कंटाळा येतो असं पुष्कळ सहकारी म्हणतात. मला येत नाही. कामगाराचा पगार वेळेवर झाला की नाही, हे आमच्या व्यवस्थेत तपासलं जाण्याची ही एकच जागा आहे, आणि ती या टेबलावर आहे.

दुपारी १२.१५

विभागाची बैठक. मॅनहोलच्या झाकणांखालच्या जाळ्यांचा आढावा. २९ ऑगस्ट २०१७च्या पुरात एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीव गेला, तेव्हापासून या जाळ्यांचं महत्त्व कोणाला समजवावं लागत नाही. पाणी तुंबलं म्हणून झाकण उघडू नका, एवढंच लोकांना दरवर्षी सांगावं लागतं. बाकी बैठक नेहमीसारखी.

दुपारी २.१०

सकाळच्या मानाने आता आवक बरीच कमी असते. शहर जेवून बसलेलं असतं. हीच वेळ.

कार्यशाळेत सकाळीच एक आकडा बनवून घेतला होता : जाड सळईचा, तोंडाशी आत वळवलेला, पंपाची दांडी एकदा आत गेली की सुटू नये म्हणून स्प्रिंगची पट्टी लावलेला. त्याला पाइपाचे तुकडे जोडून दांडा लांब केला, आणि आकड्यालाच स्टीलचा दोर बांधला. दांडा फक्त दिशा देण्यासाठी, वजन दोरावर.

वाहिनीच्या वरच्या अंगाला, सखल वस्तीच्या आधीच्या मॅनहोलपाशी एकाला फोन घेऊन उभं केलं. येणाऱ्या पाण्याचं गेट बंद केलं की ते मागे वाहिनीत साठत जातं. तिथे झाकणाखाली दीड मीटरवर आलं की आम्हाला थांबायचं होतं. वीस मिनिटं मिळतील असा अंदाज.

२.२२ला गेट बंद. तीन पंपांनी पाणी ओढायला सुरुवात केली. पातळी उतरताना भिंतीचा खालचा भाग दिसायला लागतो, आणि तिथे एक गोष्ट दरवेळी दिसते. पाण्याखालचं काँक्रीट बरं असतं. पाण्याच्या वरचं खाल्लेलं असतं. वायू ओल्या भिंतीवर बसतो, तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल सिमेंट आणि लोखंड दोन्ही खातं. आमची साखळीही वरच तुटली होती, पाण्याच्या वर दोन हातांवर.

खाली अंधार. मोबाइल किंवा साधा बल्ब सोडायचा प्रश्नच नव्हता, मिथेन असतो. काकांनी घरून आणल्यासारखा सहज एक आरसा आणला, कपाटाच्या दाराचा, लाकडी चौकटीचा. मेमधलं ऊन त्यांनी त्या आरशावर घेतलं आणि सरळ विहिरीत टाकलं. उन्हाचा पांढरा चौकोन भिंतीवरून सरकत खाली गेला, पाण्यावर थरथरला आणि पंपाच्या दांडीवर येऊन थांबला. जुन्या गटारकामाची ही युक्ती मी पुस्तकात वाचली होती. काकांनी ती कधी वाचली नव्हती, ते ती तीस वर्षं करत होते.

फिटरने दांडा खाली सोडला. एकदा हुकला. दुसऱ्यांदा आकडा दांडीवरून घसरला. फोन आला, मागे पाणी चढतंय. तिसऱ्यांदा खटका बसल्याचा आवाज वरपर्यंत आला. २.३७. गेट उघडलं. मग चेन पुलीवर सावकाश, हात हात करत, तीन नंबर पंप काळ्या चिंध्या लोंबवत उजेडात आला. सगळे एकदम बोलायला लागले. पोरगं पॅनलरूममधून धावत आलं होतं आणि पंपाभोवती एक फेरी मारून हसत होतं.

पंधरा मिनिटं, अधिक तयारीचे चार तास. त्या चार तासांना सध्याच्या कंत्राटात दर नाही.

दुपारी ४.००

पंप उघडला. इम्पेलरला साडीचा काठ, केस आणि डायपरचा प्लास्टिक पापुद्रा यांचा पीळ बसलेला, वेणीसारखा घट्ट. त्यामुळे शाफ्ट थरथरत राहिला, मेकॅनिकल सील गेलं, पाणी तेलाच्या कप्प्यात शिरलं. तेल ताकासारखं पांढरं झालेलं. पुढचं पाऊल मोटरमध्येच. तेल तीन महिन्यांनी तपासायचं असतं. लॉगबुकात मार्चची नोंद आहे : ‘तेल तपासले, ठीक.’ पण तेल तपासायला पंप वर काढावा लागतो, आणि मार्चमध्ये पुली चालवल्याची नोंद कुठेच नाही.

दंडाची नोटीस तयार केली. पर्यवेक्षकांनी ती शांतपणे वाचली आणि वाद घातला नाही.

सायंकाळी ५.१५

साखळीचा प्रश्न उरला होता. कंत्राटात स्पष्ट लिहिलंय : एसएस ३१६. हे स्टेनलेस पोलाद आमच्या विहिरीत वर्षानुवर्षं टिकतं, दोन वर्षांत असं झिजत नाही. फोरमनच्या पेटीतून चुंबक आणलं आणि तुटक्या कडीला लावलं. टच्चकन चिकटलं. ३१६ला चुंबक जेमतेमही धरत नाही. ही साधी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी साखळी होती. नवी असताना दोन्ही सारख्याच चकाकतात.

मोजमाप पुस्तिका काढली. दोन वर्षांपूर्वीचं पान. ‘साखळी, एसएस ३१६, सहा नग, तपासले.’ खाली सही माझी.

त्या दिवशी मी नग मोजले होते, लांबी मोजली होती, कारखान्याचा दाखला पाहिला होता. धातू तपासला नव्हता. तो दाखला या साखळीचा नव्हताच. सकाळपासून ज्या मुलाला मी विहिरीपासून लांब ठेवत होते, त्याला त्या तोंडाशी आणणाऱ्या साखळीला मीच ‘तपासले’ म्हटलं होतं. बराच वेळ मी ते पान तसंच उघडं ठेवून बसले.

मग कार्यकारी अभियंत्यांना टिपणी लिहिली. काय तुटलं, का तुटलं, पुरवठ्यातली फसवणूक, वसुलीचा प्रस्ताव. आणि चौथ्या परिच्छेदात : सदर साहित्य स्वीकारताना धातूची चाचणी माझ्याकडून झाली नाही. हे वाक्य आडवळणाने लिहिलं गेलं होतं. खोडून सरळ लिहिलं : मी चाचणी केली नाही.

सायंकाळी ६.३०

नव्या तीन वर्षांच्या निविदेचा मसुदा. सगळे गेल्यावर हे काम चांगलं होतं.

कंत्राटदार अंदाजपत्रकापेक्षा वीस-तीस टक्के बिलो भरतात, सगळ्यात कमी भरणारा एल-वन ठरतो. तो माणूस वाईट असतो असं नाही. कमी केलेले पैसे त्याला कुठून तरी काढायचे असतात, आणि कागदावर जे मोजलं जात नाही तिथूनच तो ते काढतो. साखळीच्या धातूतून, तेलाच्या तपासणीतून, दोन मिनिटांच्या उतरण्यातून. शहरात सात नवी मलजल प्रक्रिया केंद्रं उभी राहत आहेत, दिवसाला एकूण २४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची. जानेवारी २०२३मध्ये त्यांचं भूमिपूजन झालं. त्यांच्या कंत्राटात बांधणाऱ्यालाच पुढे वर्षानुवर्षं केंद्र चालवायचंय. मला ही पद्धत पटते. स्वस्त साखळी लावणाऱ्यालाच ती तुटल्यावर काढावी लागणार असेल, तर तो ती लावणार नाही. जुन्या केंद्रांच्या छोट्या कंत्राटांत तेवढी ताकद नसते, म्हणून प्रत्येक गोष्ट लिहावी लागते.

‘प्रति पंप’ दर काढून टाकला. त्याऐवजी पंप महिन्यात किती तास चालण्याच्या स्थितीत होता, त्यावर पैसे. तेलाची तपासणी झाली हे पंप वर काढलेल्या वेळेच्या नोंदीनेच धरायचं. साखळी दर तिमाहीला पूर्ण वर घेऊन कडी न् कडी मोजायची, धातूची चाचणी आमच्यासमोर. आणि एक स्वतंत्र बाब, तिच्या स्वतंत्र दरासह : ‘वेट वेलमध्ये कोणीही न उतरता अडकलेला पंप वा साहित्य बाहेर काढणे, गेट बंद करणे, पातळी उतरवणे, वायुवीजन, वरच्या मॅनहोलवर निरीक्षक, आवश्यक तेवढ्या वेळेसह.’ दर असा धरला की न उतरवण्यात कंत्राटदाराचं नुकसान होणार नाही. लेखा विभाग विचारेल, ही बाब पूर्वी नव्हती. उत्तर म्हणून तुटक्या कडीचा फोटो जोडला.

रात्री ९.४०

घरी पोचेपर्यंत निरोप आलेला असतो. ‘पातळी ठीक. चार चालू, एक राखीव. तीन नंबर कार्यशाळेत.’ मग काकांची आणखी एक ओळ : ‘मॅडम, बाकी पाच साखळ्यांचं काय?’

मी लिहिते : ‘उद्या आठला एकेक वर घेऊ. तोवर कोणताही पंप उचलू नका. चुंबक माझ्याकडे आहे.’