कोणता पदार्थ खावा, हे सांगणारे ॲप : नवशिक्यांनी कसे बनवावे आणि काय सांभाळावे

कोडिंगचे क्लास महाग आहेत, पण शिकण्याची साधने बहुतांशी मोफत आहेत. शिकताना हाती एक खरे काम मात्र हवे. नागपुरातल्या आम्ही काही नवशिक्या मित्रमैत्रिणींनी पदार्थ सुचवणारे वेब ॲप निवडले. हॉटेलला गुण देणारी ॲप्स भरपूर आहेत. पण एखाद्या ठिकाणचे तर्री पोहे उत्तम आणि चहा बेचव असू शकतो. म्हणून आमच्याकडे गुण मिळतात ते पदार्थाला, हॉटेलला नाही.

सांगाडा

पायथन, फ्लास्क आणि एसक्यूलाइट एवढ्यावर भागते. एसक्यूलाइटमध्ये सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये राहतो, वेगळा सर्व्हर लागत नाही. टेबल तीन : ठिकाण, पदार्थ, अभिप्राय. लॉगिनची पाने आणि रंगसंगती नंतर करा. आधी पदार्थांची यादी पानावर दिसली पाहिजे.

सुचवायचे कसे?

प्रत्येक पदार्थाच्या चवीला ० ते ५ आकडे द्या. तिखट, गोड, तेलकट या क्रमाने तर्री पोहे (४, ०, ३), सावजी रस्सा (५, ०, ५), पुरणपोळी (०, ५, २). मग कोसाइन साम्य काढा. पोहे आणि रस्सा यांचे साम्य ०.९९ येते, पोहे आणि पुरणपोळीचे ०.२२. म्हणजे तर्री पोहे आवडणाऱ्याला आधी रस्सा सुचवायचा.

'हे आवडलेल्यांना तेही आवडले' ही दुसरी पद्धत. ॲमेझॉनमुळे ती सर्वांच्या ओळखीची झाली. पण तिला ढीगभर अभिप्राय लागतात. नव्या ॲपकडे ते नसतात, म्हणून सुरुवात पहिल्या पद्धतीने करावी.

सरासरी फसवते

एका पदार्थाला एकच अभिप्राय, ५ गुणांचा. दुसऱ्याला २० अभिप्राय, सरासरी ४.४. साध्या सरासरीत पहिला जिंकतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक पदार्थाच्या खात्यात आधीच ५ काल्पनिक अभिप्राय टाका, ॲपच्या एकूण सरासरीइतक्या गुणांचे, समजा ३.५. आता पहिल्याला ३.७५ मिळतात आणि दुसऱ्याला ४.२२. क्रम जागेवर येतो.

यादीत कोण दिसणार?

इथे मात्र प्रश्न गणितापुरता राहत नाही. जो वर दिसतो त्याला अभिप्राय जास्त मिळतात, आणि अभिप्राय जास्त म्हणून तो वरच राहतो. वस्तीतल्या झुणका-भाकरीच्या गाडीचा नंबर कधीच लागत नाही. म्हणून आम्ही सुचवलेल्या पाच पदार्थांपैकी एक जागा कमी अभिप्राय असलेल्या पदार्थासाठी राखून ठेवली. संधीच मिळाली नाही, तर गुणवत्ता दिसणार कुठून? कोडमध्ये हे काम दोन-तीन ओळींचे आहे.

शब्द जपून निवडा

शाकाहारी-मांसाहारी ही गाळणी ठेवावी, लोकांना ती लागते. पण 'शुद्ध' हा शब्द आम्ही कुठेच ठेवला नाही. एक ताट शुद्ध म्हटले की दुसरे आपोआप अशुद्ध ठरते. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने 'शुद्ध शाकाहारी' ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर केला. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने वेगळा गणवेश मागे घेतला. बटणावरचा एक शब्दही भेदभाव करू शकतो, हे यातून शिकावे.

माहिती कमीत कमी घ्या

आपल्याकडे माणूस काय खातो यावरून त्याची जात-धर्म ताडणारे कमी नाहीत. त्यात आडनाव जोडले की घर भाड्याने नाकारायला कारण तयार. म्हणून नाव, आडनाव, मोबाइल नंबर काहीच मागू नका. आवडीनिवडी वापरणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये साठवता येतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहेच. पण जी माहिती आपण घेतलीच नाही, ती आपल्याकडून फुटूही शकत नाही.

सुरुवात कुठून?

आपल्या भागातली दहा ठिकाणे आणि तीस पदार्थ वहीत लिहा. पहिल्या आठवड्यात यादी, दुसऱ्यात अभिप्राय, तिसऱ्यात साम्याचे गणित, एवढा बेत पुरे. यादीतला कोणता पदार्थ वर जाईल आणि कोणता खाली राहील, हे कोड लिहिणारा ठरवतो. त्या जागी आपली मुलेमुलीही बसली पाहिजेत.