उभ्या मोटारीची बॅटरी उतरणे

उभ्या मोटारीची बॅटरी उतरणे म्हणजे इंजिन बंद ठेवून गाडी काही दिवस किंवा आठवडे एकाच जागी उभी राहिली असता तिच्या बॅटरीतील विद्युतप्रभार हळूहळू घटत जाणे. हा प्रभार एका मर्यादेखाली गेला की स्टार्टर मोटर इंजिनाला फिरवू शकत नाही; किल्ली फिरवल्यावर केवळ 'टक-टक' असा आवाज येतो किंवा तोही येत नाही. बोलीभाषेत यास 'बॅटरी उतरली', 'बॅटरी बसली' अथवा 'बॅटरी डाऊन झाली' असे म्हणतात. २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीत लक्षावधी गाड्या अनेक आठवडे जागच्या हलल्या नाहीत. एरवी किरकोळ वाटणारी ही अडचण त्या वेळी घरोघरी परिचयाची झाली.

बॅटरीची रचना व कार्य

पेट्रोल, डिझेल व सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक मोटारींत शिसे-आम्ल प्रकारची बॅटरी असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तिचा शोध लावला. मूळ तत्त्व आजही तेच आहे. सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडून बारा व्होल्टची बॅटरी तयार होते. प्रत्येक घटात शिशाच्या डायऑक्साइडची धन पट्टी व सच्छिद्र शिशाची ऋण पट्टी विरल सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात. प्रवाह घेतला जाऊ लागला की दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमू लागते व आम्ल पातळ होत जाते. उलट दिशेने प्रवाह दिला की ही क्रिया उलटते आणि बॅटरी पुन्हा भरते.

मोटारीच्या प्रारंभीच्या काळात इंजिन हातातील हँडलाने फिरवून सुरू करावे लागे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर आला आणि बॅटरी मोटारीचा अनिवार्य भाग बनली. स्टार्टरला एक-दोन सेकंद शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो. त्यानंतर मात्र अल्टरनेटर गाडीची विद्युत गरज भागवतो व बॅटरीही भरतो. म्हणून मोटारीची बॅटरी अल्पकाळ मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातून थोडा थोडा प्रवाह दीर्घकाळ घेत राहणे आणि मग ती भरलीच न जाणे, हे तिच्या प्रकृतीस मानवत नाही.

बॅटरीची स्थिती साध्या व्होल्टमापकाने कळते. गाडी काही तास उभी असताना दाब १२.६ व्होल्ट किंवा अधिक असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली समजतात. १२.४ व्होल्टला ती सुमारे पाऊण, १२.२ ला अर्धी आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी असते. या पायऱ्यांतील अंतर इतके कमी आहे की 'बारा व्होल्ट तर दाखवते आहे, मग बॅटरी ठीकच असणार' हा समज फसवा ठरतो.

उतरण्याची कारणे

पहिले कारण बॅटरीच्या आतच असते. कोणतीही तार जोडलेली नसली तरी रासायनिक क्रिया मंद गतीने चालूच राहतात आणि प्रभार आपोआप घटतो. यास स्वविसर्जन म्हणतात. तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढले की त्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. त्यामुळे उन्हात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उन्हाळ्यात अधिक झिजते, परंतु तिचा अशक्तपणा बहुधा थंडीतल्या पहाटे उघडा पडतो. मग दोष थंडीला दिला जातो.

दुसरे कारण गाडीतील उपकरणांचे आहे. कुलूपबंद गाडी पूर्णपणे झोपलेली नसते. घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा, दूरनियंत्रित कुलपाचा ग्राहक, इंजिनाच्या संगणकाची स्मृती यांना सतत थोडा प्रवाह लागतो. निर्दोष गाडीत तो साधारणपणे २० ते ५० मिलिअँपिअर इतका असतो. हा आकडा नगण्य भासतो, पण हिशेब मांडल्यास त्याचे महत्त्व ध्यानात येते. लहान पेट्रोल गाडीत सामान्यतः ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. ३० मिलिअँपिअर प्रवाहाने दररोज ०.७२ अँपिअर-तास, तर ५० मिलिअँपिअरने १.२ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीही सुमारे दोन ते साडेतीन आठवड्यांत अर्ध्यावर येते. जुनी, क्षमता घटलेली बॅटरी त्याआधीच हात टेकते.

तिसरे कारण मालकाने मागाहून बसवलेल्या वस्तूंचे. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा डॅशबोर्ड कॅमेरा सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेत असेल, तर दिवसाला सहा अँपिअर-तास त्यातच जातात व तीन दिवसांच्या आत बॅटरी अर्धी होते. डिकीतील पाच वॅटचा दिवा झाकण नीट न लागल्याने पेटत राहिल्यास दिवसाला जवळपास दहा अँपिअर-तास खातो. पुढचे हॅलोजन दिवे चालू राहिले तर साडेतीन-चार तासांतच सारे संपते. स्थाननिदर्शक यंत्रे, निदान जोडणीत कायम खोचून ठेवलेली उपकरणे, स्वस्त ध्वनिवर्धक ही या यादीतील नेहमीची नावे. किल्लीविना उघडणाऱ्या गाड्यांत किल्ली गाडीच्या अगदी जवळ, उदाहरणार्थ तळमजल्यावरील घराच्या दाराशी, टांगलेली असेल तर काही गाड्यांची यंत्रणा वारंवार जागी होते.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील परिस्थिती

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या १९६२ मधील स्थापनेनंतर पिंपरी-चिंचवड परिसर वाहनउद्योगाचे केंद्र म्हणून वाढला. टाटा मोटर्सची इंडिका ही १९९८ मध्ये सादर झालेली गाडी पिंपरीच्या कारखान्यात तयार होई. एक्साइड कंपनीचा बॅटरी कारखाना चिंचवडला १९६९ पासून आहे. पुढे उद्योगाचा ओघ चाकणकडे वळला. फोक्सवॅगन व मर्सिडीझ-बेंझ यांचे तेथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले आणि महिंद्रानेही तेथे मोठा प्रकल्प उभारला. मोटार आणि तिची बॅटरी दोन्ही जेथे बनतात, तेथील रहिवाशांच्या गाड्या मात्र आठवड्यातील बहुतेक दिवस जागच्या हलत नाहीत, ही या पट्ट्यातील एक गंमत आहे.

याचे कारण येथील दिनक्रमात आहे. कारखान्यांतील कामगार व अधिकारी मोठ्या प्रमाणावर कंपनीच्या बसने जातात. पाळीच्या वेळेला बस चौकात येते. भोसरी, मोशीमार्गे पुणे-नाशिक महामार्गावरील कोंडीत स्वतःची गाडी घालण्याची हौस फार थोड्यांना असते. परिणामी वाकड, रावेत, मोशी, पिंपळे सौदागर येथील सोसायट्यांच्या वाहनतळांत गाड्या सोमवार ते शनिवार उभ्या राहतात. चाकण भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, तेथे गाडी निघण्याचा दिवस तेवढा बदलतो. सुटीच्या दिवशीही ती भाजी मंडईपर्यंत किंवा जवळच्या मॉलपर्यंत जाते. दोन-तीन किलोमीटरच्या अशा फेरीत वातानुकूलन, दिवे व काच पुसणारे वायपर चालू असतील, तर आठवडाभरात गेलेला प्रभार भरून येत नाही. दर आठवड्याला थोडी तूट राहते आणि ती साठत जाते. एखाद्या रात्री कोणाला तातडीने रुग्णालयात न्यायचे असते तेव्हाच गाडी मुकी राहते; तूट त्या रात्रीची नसते, मागील दोन-तीन महिन्यांची असते.

कारखान्यांतून बाहेर पडलेल्या नव्या गाड्यांनाही हा प्रश्न चुकत नाही. वितरकाकडे जाण्यापूर्वी त्या मोकळ्या आवारात काही काळ उभ्या असतात. त्यासाठी काही गाड्यांच्या संगणकात अनावश्यक उपकरणे बंद ठेवणारी वाहतूक-अवस्था असते, काहींत विशिष्ट फ्यूज काढून ठेवतात, आणि बॅटरीचा दाब ठरावीक काळाने तपासला जातो. उद्योग जी काळजी न विकलेल्या गाडीची घेतो, ती विकल्या गेलेल्या गाडीची क्वचितच घेतली जाते.

इंजिन जागेवर चालवण्याचा प्रघात

बॅटरी टिकावी म्हणून दर आठवड्याला खाली जाऊन गाडी पाच मिनिटे जागेवर चालू ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिचा उपयोग समजुतीपेक्षा फारच कमी आहे. इंजिन मंद गतीत असताना अल्टरनेटर कमी प्रवाह देतो. बॅटरीत सरासरी दहा अँपिअर प्रवाह गेला असे धरले, तरी पाच मिनिटांत ०.८३ अँपिअर-तास परत मिळतात. हा साधारण एका दिवसाचा खर्च झाला. उरलेल्या सहा दिवसांची भरपाई होतच नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्याने तेलात व सायलेन्सरमध्ये बाष्प साचते.

याहून गंभीर बाब वाहनतळाची आहे. इमारतीखालील बंदिस्त तळघरात इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही; तो रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटतो व प्राणवायूचे वहन रोखतो. तळघरात काचा बंद करून, वातानुकूलन लावून 'बॅटरी चार्ज करत' बसणे जिवावर बेतू शकते. बॅटरीसाठी हा धोका पत्करण्याचे काही कारण नाही.

प्रतिबंधक उपाय

सर्वांत सोपा उपाय गाडी खरोखर चालवणे हा आहे. ३० मिलिअँपिअरच्या हिशेबाने आठवड्याचा खर्च पाच अँपिअर-तासांच्या आसपास होतो. बॅटरी भरत येते तसा ती घेत असलेला प्रवाह घटतो, म्हणून भरपाईस पाऊण ते एक तासाची सलग, मोकळ्या रस्त्यावरील फेरी धरावी. देहू, आळंदी किंवा तळेगावपर्यंत जाऊन येणे यास पुरेसे होते.

गाडी दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ उभी राहणार असेल, उदाहरणार्थ कुटुंब दिवाळीत गावी बसने किंवा रेल्वेने जाणार असेल, तर बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय. बहुतेक गाड्यांत त्यासाठी दहा नंबरचा पाना पुरतो. प्रथम ऋण तार काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण ऋण टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेले असते. धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला टेकला व ऋण तार अजून जोडलेली असली, तर थेट लघुपथन होऊन ठिणग्या उडतात. तार काढल्यावर विजेवर चालणारे कुलूप व डिकी उघडत नाही, हे ध्यानात ठेवून किल्ली गाडीत राहू देऊ नये. पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावे लागते, काही गाड्यांत रेडिओचा संकेतांक मागितला जातो व खिडक्यांची स्वयंचलित हालचाल नव्याने शिकवावी लागते. गाडीच्या पुस्तिकेत यासंबंधी सूचना असतात.

वाहनतळात विजेची सोय असल्यास देखभाल-चार्जर अधिक चांगला. तो बॅटरी भरली की दाब आपोआप १३.५ व्होल्टच्या आसपास उतरवतो व महिनोन्महिने जोडलेला राहू शकतो. साधा जुना चार्जर असा विसरून ठेवल्यास पाणी उकळून जाते व हायड्रोजन सुटतो. सोसायटीच्या सामायिक मीटरवरून वीज घेण्यास समितीची संमती लागते; अडचण बहुधा विजेच्या खर्चाची नसते, उद्या प्रत्येक जण तार ओढेल या धास्तीची असते.

गाडी उभी असताना चित्रण करणारा कॅमेरा ठेवायचाच असेल, तर दाब ठरावीक पातळीखाली जाताच त्याला तोडणारे साधन बसवावे. टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी जमली असल्यास ती गरम पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावी, कोरडी करून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. पावसाळ्यात हे विशेषतः पाहावे लागते. ज्या बॅटरीत पाणी घालता येते तिच्यात केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे, नळाचे नव्हे.

चांगली बॅटरी भरलेली असूनही दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर गळती शोधावी लागते. ऋण तारेच्या मार्गात मल्टिमीटर दहा अँपिअरच्या पल्ल्यावर ठेवून, दारे बंद करून वीस ते चाळीस मिनिटे थांबतात. तोवर गाडीतील संगणक पूर्ण झोपलेले नसतात व आकडा फुगलेला दिसतो. त्यानंतरही प्रवाह ५० मिलिअँपिअरहून बराच जास्त असल्यास एकेक फ्यूज काढून पाहतात. ज्या फ्यूजबरोबर आकडा पडतो त्या मंडलात दोष असतो. ही वाट न पाहता घाईने नवी बॅटरी बसवली, तर तीही उतरते.

बॅटरी उतरल्यावर

उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास पट्ट्यांवरील सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि नंतर प्रवाह देऊनही पूर्ववत होत नाहीत. म्हणून ती लवकर भरणे आवश्यक असते. दुसऱ्या गाडीच्या आधाराने सुरू करताना लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावतात. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला व तिचे शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडतात. त्यामुळे ठिणगी उडालीच तर ती हायड्रोजनजवळ उडत नाही. धक्का मारून गाडी चालू करणे हस्तचालित गिअरच्या गाडीतच शक्य आहे. गाडी अशी सुरू झाली तरी बॅटरी पूर्ण भरण्यास अल्टरनेटरवर विसंबू नये. ती चार्जरवर काही तास ठेवावी.

निकामी बॅटरीत शिसे व आम्ल असते. २००१ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनुसार ती पुनर्चक्रणासाठी परत जाणे अपेक्षित आहे. नवी घेताना विक्रेता जुनीचे पैसे वजा करतो. भंगारवाल्याला दिल्यास तिच्यातील आम्ल अनेकदा गटारात ओतले जाते.

विद्युत मोटारींतील स्थिती

विद्युत मोटारींना हा त्रास नसतो, असे मानले जाते. ते बरोबर नाही. गाडी पळवणाऱ्या मोठ्या बॅटरीखेरीज त्यांतही बहुधा बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. दारांची कुलपे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला मंडलाशी जोडणारे स्विच तिच्यावरच चालतात. ती उतरली तर मुख्य बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. अनेक गाड्या उभ्या असताना मुख्य बॅटरीतून छोटीला अधूनमधून भरतात, परंतु मुख्य बॅटरीचा साठा फार कमी झाल्यास ही सोय थांबू शकते. म्हणून विद्युत मोटार दीर्घकाळ उभी करताना मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवतात व भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपमधून तिची चौकशी वारंवार करत नाहीत; प्रत्येक चौकशीसरशी गाडी जागी होते.